ताटावरच्या नावापासून फॉन्ट: खानदेशातल्या नवशिक्यांसाठी

फॉन्ट करायचा म्हटलं की जो तो रंगवलेल्या पाटीकडे धावतो. मीही धावलो होतो. बसस्टँडजवळच्या रसवंतीची पाटी होती, पिवळ्यावर लाल अक्षरं आणि त्यांना निळी सावली. मोबाइलवर फोटो काढला, घरी येऊन अक्षरांच्या कडेकडेने माऊस फिरवत बसलो, आणि सहा दिवसांनी माझ्या हाती ‘रसवंती’ या शब्दातली चार अक्षरं लागली. सातव्या दिवशी ‘क’ काढायला घेतला आणि हात थांबला. पाटीत क नव्हताच. पेंटरने तो कसा काढला असता हे मला सांगता येईना, कारण त्याचा ब्रश कुठून निघाला, कुठे वळला, कुठे उचलला हे मी पाहिलंच नव्हतं. मी नुसती कड गिरवली होती.

पाटीचं अक्षर दिसायला सोपं वाटतं, पण त्यात जाडी-बारीकपणा, आउटलाइन, शेडिंग आणि रंग असं सगळं एकदम चाललेलं असतं. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. पाटी राहू द्या आणि मांडणीवरचं ताट खाली काढा.

ताटाच्या काठाखाली नाव टाकलेलं असतं ना, ते बघा. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, ‘लग्नानिमित्त सप्रेम भेट’, ‘तमुक समाज, मु. पो. …’. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून भांडी येतात, समाजाची भांडी पंगतीला गावभर फिरतात आणि आपली आपल्याकडे परत यावीत म्हणून प्रत्येकावर नाव असतं. हे नाव छिन्नीच्या टोकाने किंवा हल्ली थरथरणाऱ्या मशिनीने ठिपक्याठिपक्यांनी टाकलेलं असतं. हत्यार एकच आणि जाडीही एकच. रंगाचा प्रश्नच येत नाही. पहिल्या फॉन्टसाठी याहून चांगला गुरू मला तरी सापडलेला नाही.

ठसा घ्या, फोटो नको

स्टीलचा फोटो काढलात तर त्यात अक्षरापेक्षा तुमचा चेहरा आणि वरची ट्यूबलाइट जास्त दिसेल. त्यापेक्षा पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद नावावर ठेवा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि मऊ पेन्सिल (४बी किंवा ६बी) आडवी धरून हलक्या हाताने घासा. ठिपके धातूत दबलेले असल्यामुळे तिथे शिसं लागत नाही, करड्या पट्ट्यावर पांढरं अक्षर उमटतं. तांब्या-हंड्याच्या गोलाईवर हा कागद वळतो आणि सोडवला की सपाट होतो. फोटोत मात्र कडेची अक्षरं दबलेली येतात. तरी सुरुवात ताट, परात किंवा डब्याच्या झाकणापासून करा, हात बसेपर्यंत गोल भांडी नकोत.

पितळ मऊ असल्याने त्यावरचे ठिपके खोल आणि गोल उमटतात. स्टीलवरचे उथळ असतात, मशिनीचे असतील तर इतके जवळ की रेघच वाटते. मला पितळेवरचे आवडतात. ठशाच्या कोपऱ्यात धातू कोणता आणि भांड्यावर तारीख असेल तर ती लिहून ठेवा.

किती ठसे घ्यायचे? वीस-पंचवीस तरी हवेत, आणि ते एकाच हाताचे हवेत. ही अट महत्त्वाची आहे. पाच जणांच्या हातची अक्षरं एकत्र करून काढलेला फॉन्ट पाच गावच्या वऱ्हाडासारखा दिसतो, कुणाचं कुणाशी जुळत नाही. एकच हात शोधायची युक्ती अशी: एका लग्नात घरच्यांनी घेतलेली सगळी भांडी काढा. ती बहुतेक वेळा एका दुकानातून, एका दिवशी, एकाच माणसाकडून नावं टाकून आलेली असतात.

ठशांवर खऱ्या माणसांची नावं आणि तारखा असतात. ते ग्रुपवर टाकत बसू नका.

हात बघा

आता भांड्याच्या दुकानात जा. लगनसराईत जाल तर कोणी तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात तर उभं राहायलाही जागा मिळणार नाही. पितृपक्षात जा. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि नाव टाकणारे आप्पा दोन शब्द बोलतात. रिकाम्या हाताने जाऊ नका, एखादा डबा विकत घ्या आणि त्यावर नाव टाकून मागा.

बघायचं ते असं: शिरोरेघ आधी की नंतर? एकेका अक्षराची वेगळी की सगळ्या शब्दाची एकदम? गाठ कशी घेतात? मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “आधी रेघ नाही मारली तं नाव वाकडं जातं, भाऊ.” म्हणजे त्यांच्यासाठी शिरोरेघ ही सूत मारल्यासारखी असते, अक्षरं तिला नंतर लटकतात. मी ज्यांना पाहिलं ते न किंवा म यांची गाठ गोल काढत नव्हते, तीन ठिपक्यांचा त्रिकोण मारून पुढे जात होते. वळणावर छिन्नी फिरवण्यापेक्षा ताट फिरवत होते. त्यामुळे व चं पोट गोल न राहता थोडं कोनाड्यासारखं झालेलं. घरी आल्यावर ठशावर प्रत्येक रेघेला १, २, ३ असे क्रम टाका. ‘क’ ठशात नसला तरी आता काढता येईल, कारण तो हात कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे.

इथे थोडं थांबून हत्यारं ताडून बघणं फायद्याचं ठरेल. त्यासाठी लांब जायला नको. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर इथे जुनी हस्तलिखितं आहेत. ती बोरूने लिहिलेली. देवनागरीसाठी बोरू असा तिरपा कापतात की खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ जाड येते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी बारीक. इंग्रजी अक्षरासाठी निब उलट बाजूने तिरपी धरतात, म्हणून इंग्रजीच्या सवयीने देवनागरी काढली की जाडी नको तिथे येते आणि अक्षर परकं वाटतं. काय खटकतंय ते चटकन सांगताही येत नाही. बोरूत आडवी शिरोरेघ आणि उभा दंड जवळपास सारखे जाड येतात, हेही टिपून ठेवा.

दुसरीकडे चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची हकीकत त्यात आहे. दगडात छिन्नी आणि पितळेत छिन्नी, नात्याने दोन्ही चुलत भाऊच. पण दगडावरचा कारागीर आधी लिहिलेल्या अक्षरावरून कोरत जातो, तर भांड्यावरचा लिहितानाच ठोकतो. म्हणून भांड्यावरच्या अक्षरात घाई दिसते. ती घाई फॉन्टमध्ये राहिली पाहिजे, तीच त्याची चव आहे.

आलेखाच्या कागदावर सांगाडा

आता कॉम्प्युटर उघडायची घाई होईल, पण उघडू नका. आलेखाचा कागद घ्या आणि आधी नुसती एकेरी रेघेची अक्षरं काढा. ठिपके नंतर.

पहिल्या दिवशी न, व, त, द आणि ळ एवढीच पाच. न मधून दंड आणि गाठ मिळते, म आणि ग यांची वाट मोकळी होते. व च्या पोटातून ब आणि क निघतात, ख चा मागचा भाग तोच. त चा बाक पुढे त्त आणि त्र ला लागतो. द मुळे ज्यांना पूर्ण दंड नाही अशा ट, ठ, ढ या मंडळींची मधली छोटी दांडी ठरते. ळ बाकीचे लोक शेवटी काढतात. आपल्याकडे धुळे, भुसावळ, अमळनेर, पारोळा ही सगळी नावं ळ वर उभी आहेत, तो पहिल्या दिवशीच नीट बसला पाहिजे.

मग ठिपके. इथे थोडं गणित आहे, त्याला कंटाळू नका, सगळा खेळ याच्यावर आहे.

फॉन्टमध्ये अक्षराची चौकट साधारण १००० एककांची धरतात. दोन ठिपक्यांच्या मध्यांतलं अंतर ५० ठेवा, ठिपक्याचा व्यास ३६. शिरोरेघ ६०० उंचीवर आणि अक्षराचा तळ ० वर, म्हणजे दंडात तेरा ठिपके बसतात. मात्रा-वेलांट्यांना वर ८५० पर्यंत आणि उकारांना खाली उणे २०० पर्यंत जागा द्या.

प्रत्येक अक्षराची रुंदी ५० च्या पटीतच हवी, आणि शिरोरेघेचा पहिला ठिपका डाव्या कडेपासून २५ वर, शेवटचा उजव्या कडेपासून २५ आत. न ४५० रुंद असेल तर शिरोरेघेत नऊ ठिपके येतात, शेवटचा ४२५ वर. पुढच्या अक्षराचा पहिला ठिपका त्याच्यापासून बरोबर ५० वर पडतो आणि शब्दाची शिरोरेघ न अडखळता चालते. एक अक्षर जरी ४६० रुंदीचं केलंत तरी त्या जागी दात पडल्यासारखी फट दिसते. दंडही अशाच जागी उभा करा की शिरोरेघेला भेटताना दोघांचा ठिपका एकच होईल, नाहीतर तिथे दोन ठिपके चिकटून काळा डाग बनतो.

वळणावर मात्र चौकटीला चिकटून राहू नका. तिथे ठिपके वळणाच्या वाटेवर सारख्या अंतराने ठेवा, आणि गाठीत गर्दी झाली तर एक सरळ काढून टाका.

ध आणि घ, भ आणि म यांचा वेगळा घोळ आहे. ध आणि भ यांची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते, त्यावरूनच आपण ते ओळखतो. पण ठिपक्यांची रेघ मुळातच तुटक, तिथे एक ठिपका कमी केला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. निदान तीन ठिपके वगळा आणि गाठ ठळक करा. ‘धडगाव’ चं ‘घडगाव’ वाचलं गेलं तर धडगावकर माफ करणार नाहीत.

आणि अनुस्वार! ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये अनुस्वार हाही एक ठिपका, तो दिसणार कसा? मी दोन दिवस यावर अडलो होतो. उत्तर ठशातच होतं: नाव टाकणाऱ्याने अनुस्वाराच्या जागी बारीकशी गोल कडी काढली होती. तुम्ही कडी काढा किंवा दुप्पट व्यासाचा ठिपका द्या, पण साधा ठिपका चालणार नाही. ‘कै.’ आणि ‘सौ.’ नंतरच्या पूर्णविरामालाही हाच नियम.

कॉम्प्युटरवर

फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिल्या फॉन्टला पुरतं. ग्लिफ्स चांगलं आहे, पण पैशाचं आहे आणि फक्त मॅकवर चालतं. आधी एकच ठिपका वेगळ्या घरात काढा आणि सगळ्या अक्षरांत त्याचा नुसता संदर्भ (रेफरन्स) लावा. उद्या ठिपका मोठा करावासा वाटला तर एका जागी बदललात की सगळीकडे बदलेल. मी पहिल्यांदा हजारो ठिपके हाताने चिकटवले होते. ते आठवलं की आजही मनगट दुखतं.

युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा मुख्य गट आहे. त्यात स्वर, व्यंजनं, मात्रा, आकडे येतात, पण जोडाक्षरांना तिथे जागा नाही. ‘स्म’ हे स, पाय मोडण्याचं चिन्ह आणि म असे तीन तुकडे म्हणून साठवलं जातं, आणि ते जोडून कसं दाखवायचं हे फॉन्टमधल्या नियमांनी ठरतं. हे नियम शून्यातून लिहायला नवशिक्याला महिना लागतो. एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट खुल्या परवान्यात मिळतो. त्याची फाइल उघडा, अक्षरांना दिलेली नावं जशीच्या तशी आपल्या फॉन्टमध्ये वापरा आणि नियम तिथून घ्या. परवान्याची मुख्य अट अशी की तुमचा फॉन्टही त्याच खुल्या परवान्यात द्यावा लागेल. त्याच संस्थेचा मोदकही बघून ठेवा. तो आपल्या फॉन्टच्या अगदी उलट टोकाला आहे, अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी जेमतेम उरते. अक्षर कुठवर ताणलं तरी वाचता येतं, हे त्याच्याकडे बघून समजतं.

ल आणि श मराठी वळणाचे हवेत. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं ठरवली आहेत. इंटरनेटवरून नमुना म्हणून उचललेल्या फॉन्टात हिंदी वळणं असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून ठशाकडे बघा. आपल्या ताटावर ‘श’ कुणी हिंदी वळणाचा टाकलेला मी अजून पाहिलेला नाही. झ आणि ५, ८, ९ हे आकडेही याच कारणाने तपासा.

पहिल्या वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलावी लागते. ‘रि’ ला पुरणारी कमान ‘क्षि’ ला तोकडी पडते. तीन मापांच्या कमानी करा, सध्या तेवढ्या बस्स.

खानदेशी कसोटी

बरेच लोक फॉन्ट तयार झाल्यावर ‘अआइई’ टाइप करून बघतात आणि खूश होतात. त्याने काहीही समजत नाही. पहिली कसोटी भांड्यांचीच घ्या: ‘कै. … यांच्या स्मरणार्थ’, ‘लग्नानिमित्त सप्रेम भेट’, ‘श्री’, ‘रुक्मिणी’. एवढ्यातच स्म, र्थ, ग्न, त्त, प्र, श्र, क्म येऊन जातात, आणि रु सुद्धा, ज्याचा उकार खाली न लटकता पोटाजवळ चिकटतो.

मग आपल्या गावांची फेरी मारा. ‘शिंदखेडा’ मध्ये वेलांटीची कमान आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. अनुस्वार कमानीच्या उजवीकडे सरकवा. ‘दोंडाईचा’ मध्ये तेच भांडण मात्रेशी. ‘नंदुरबार’ मध्ये द ची शेपटी आणि उकार एकमेकांवर आदळतात, तिथे उकार दोन ठिपके खाली घ्या. ‘अक्कलकुवा’ चा क्क एकाखाली एक रचायचा मोह होईल, पण ठिपक्यांत तेवढी उंची नाही, शेजारी-शेजारीच बसवा. साक्री, मुक्ताईनगर, एरंडोल, चाळीसगाव ही चार लगेच होतील. ‘पांझरा’ हे नदीचं नाव लिहून झ बघा.

नंतर बोली. इथे बाहेरचे फॉन्ट हमखास कच्चे निघतात. अहिराणीत मन्हा, तुन्हा, कोन्ही ही रोजची बोलणी, म्हणजे न्ह हे जोडाक्षर आपल्याला प्रत्येक ओळीत लागणार. न च्या गाठीनंतरचा दंड वगळून ह चिकटवला की मध्ये मोठी पोकळी राहते, ती एक ठिपका आत ओढून भरा. लेवा गणबोलीत ‘राह्यला’, ‘राह्यलं’ सतत येतं. ह ला दंडच नाही, त्यामुळे ह्य साठी वेगळं रूप काढावं लागतं, ह चा पाय मोडून भागवू नका. ‘गाऱ्हाणं’, ‘दऱ्या’ यांतला पापणीसारखा र निराळाच. तो रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला तर समजा की ऱ चा नियम लागलेला नाही. ‘कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत’ ही ओळ मी प्रत्येक फॉन्टला लिहून बघतो. फॉन्ट तपासून होतो आणि भूकही लागते.

हे सगळं कागदावर छापून बघा, तीन मापांत. १४ पॉइंटच्या खाली ठिपके एकमेकांत मिसळून करडी पट्टी दिसेल. ती चूक नाही, हा फॉन्ट मोठ्या अक्षरांसाठीच आहे. मजकुराला वापरायचा असेल तर ठिपके न टाकता जो रेघेचा सांगाडा केला होता, त्याला सारखी जाडी आणि गोल टोकं देऊन दुसरा फॉन्ट करा. अर्धं काम आधीच झालेलं आहे.

छापलेला कागद घेऊन आप्पांकडे परत जा. मी गेलो तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि एकाच अक्षरावर बोट ठेवलं: “हा ‘भ’ मी असा नाही टाकत.” घरी येऊन ठसे पुन्हा पाहिले, तर त्यांचं बरोबर होतं. फॉन्टच्या माहितीत त्यांचं नाव घालायचं की नाही, हे त्यांना विचारा. पैसे मिळणार असतील तर वाटा ठरवा, आणि हे फॉन्ट बाहेर पडण्याआधी करा.

फाइल देताना

फॉन्ट झाला की पहिलं काम बहुधा घरच्याच लग्नाचं निघतं. माझ्या आतेभावाच्या लग्नाचा बॅनर मी या फॉन्टमध्ये केला आणि नुसती फाइल एका फ्लेक्सच्या दुकानात पाठवली. तिथलं सॉफ्टवेअर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टांवर चालत होतं. संध्याकाळी मांडवात बॅनर लागला तेव्हा सगळ्या वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे गेल्या होत्या आणि ‘लग्न’ चा ग पाय मोडून एकटाच उभा होता. आत्या काही बोलली नाही, मामा मात्र जेवणं होईपर्यंत बोलत होते.

तेव्हापासून मी बाहेर देताना अक्षरांचे आकार (कर्व्ह्ज) करूनच पीडीएफ देतो, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो, चित्र जसंच्या तसं छापलं जातं. आकार करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, कारण आकार केलेल्या मजकुरात नंतर एक उकारही बदलता येत नाही आणि लग्नघरात नाव हमखास शेवटच्या दिवशी बदलतं. छापायला टाकण्यापूर्वी दुकानदाराकडून पडद्यावरचा फोटो मागवून घ्या, आणि त्यात सगळ्यात आधी वेलांट्या बघा.